आमचं डिपॉझिट जातं कुठं?

भाड्याच्या फ्लॅटवर राहणाऱ्या प्रत्येकाचा एक शत्रू असतो : घरमालक. आणि प्रत्येकाचं एक स्वप्न असतं : नोकरी लागली की एक फ्लॅट घ्यायचा, भाड्यानं द्यायचा आणि बसून खायचं. यंदाच्या मे महिन्यात एकाच आठवड्यात मी दाराच्या दोन्ही बाजूंना उभी राहिले. त्या आठवड्याचा हा हिशेब.

शेवटचा पेपर झाला आणि आम्ही चौघींनी कर्वेनगरचा फ्लॅट सोडला. तीन वर्षं राहिलो होतो. मालक काका किल्ली घ्यायला आले, सगळ्या खोल्यांमधून एक चक्कर मारली, ओट्यावरून बोट फिरवलं, भिंतीवरचा फेअरी लाइट्सच्या टेपचा डाग बघितला आणि शांतपणे म्हणाले, "रंगाचे आठ हजार जातील हां. बाकीचे देतो पंधरा-वीस दिवसांत."

तुम्ही कधी फ्लॅट सोडला असेल तर पुढचं सांगायला नको. खाली रस्त्यावर येईपर्यंत आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपचं नाव 'काकांचे आठ हजार' झालं होतं. माणशी दोन हजार. वर पंधरा-वीस दिवस कशाला? आमचेच पैसे आहेत ना? ठेवले असतील तिथून काढायचे आणि द्यायचे. मी तर इन्स्टासाठी एक सणसणीत पोस्टसुद्धा लिहायला घेतली होती.

ती अर्धवट असतानाच आईचा फोन आला. "धायरीच्या फ्लॅटमधली मुलं एकतीसला सोडतायत. माझी ड्युटी आहे, मला यायला जमणार नाही. तू जा, ताबा घे. आणि भिंती नीट बघ. रंगाचे पैसे कापावे लागतील."

पोस्ट तशीच ड्राफ्टमध्ये राहिली.

तर, आता कबूल करते. मी घरमालकाची पोरगी आहे. माझी आई सातारा जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. २०१६ मध्ये, मी सातवीत जायच्या बेतात असताना, तिनं धायरीत एक वन-बीएचके घेतला. हेतू साधा होता : पोरगी पुढं पुण्यात शिकायला जाईल तेव्हा तिथं राहील, तोवर भाडं येत राहील, भाड्यातून हप्ता जात राहील. प्रत्यक्षात मी पुण्यात आले तेव्हा माझं कॉलेज होतं शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि धायरीतला फ्लॅट रिकामा केला तर येणारं भाडं बंद. म्हणून आमच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्यांची मुलं राहिली आणि मी दुसऱ्यांच्या फ्लॅटमध्ये. हे वाचून हसू आलं तर हसा, आम्हीही हसतो.

एकतीस तारखेला मी धायरीला गेले. तिसरा मजला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची तीन मुलं. सामान बांधून दाराशी ठेवलेलं. मला बघून तिघंही उभे राहिले आणि एक जण म्हणाला, "या ना मॅडम." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मॅडम म्हणालं, तेही माझ्याच वयाच्या मुलानं. मी भिंती बघायला लागले. चौदा खिळ्यांची भोकं मोजली. गॅसच्या मागची भिंत काळी. खिडकीची एक काच गायब, तिथं पुठ्ठा. गीझर बंद. बाथरूमचं दार खालून फुगलेलं आणि बेडरूमच्या छतावर ओलीचा हा एवढा नकाशा.

"हे काय?" मी विचारलं.

"दोन पावसाळ्यांपासून आहे. तुमच्या आईंना तीनदा फोन केला होता. बघते म्हणाल्या."

हे वाक्य मी ऐकलं नव्हतं का? मीच बोलले होते. आमच्या कर्वेनगरच्या काकांना, बेसिनच्या नळाबद्दल. तेही "बघतो" म्हणाले होते.

मग त्या मुलानं जरा चाचरत विचारलं, "डिपॉझिट आज मिळेल ना? परवा बंगळुरूला जॉइन व्हायचंय. तिथंही डिपॉझिट भरायचंय, म्हणून." मी गॅलरीत जाऊन आईला फोन लावला. चाळीस हजार द्यायचे होते. पलीकडं बराच वेळ काही आवाज आला नाही. मग आई म्हणाली, "पैसे नाहीत गं. ते तुझ्या सेकंड इयरच्या फीला भरले होते ना."

मघाच्या 'ठेवले असतील तिथून काढायचे' या माझ्या वाक्याचं काय करायचं ते मला तिथं उभ्या उभ्या कळेना. डिपॉझिट कुठंच ठेवलेलं नव्हतं. तीन अनोळखी मुलांच्या आईबापांनी भरलेल्या पैशांवर मी सेकंड इयर पास झाले होते.

नंतर मी चार-पाच घरमालकांशी बोलले. सगळे ओळखीतले, एक-एक फ्लॅट असलेले. कुणी निवृत्त, कुणी नोकरदार. डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवतो म्हणणारा त्यांच्यात एकच निघाला. बाकीच्यांचं हप्त्यात, लग्नात, दवाखान्यात गेलेलं. मग जुन्या भाडेकरूला पैसे द्यायचे कुठून? नवा भाडेकरू येतो, तो डिपॉझिट देतो, त्यातून. तुम्हाला सांगितलेल्या 'पंधरा-वीस दिवसां'चा खरा अर्थ हा असतो. दुसरा भाडेकरू मिळेपर्यंतचे दिवस. याचा अर्थ ते बरोबर आहे असा नाही. डिपॉझिट परत करायची रक्कम आहे, ते उत्पन्न नाही. पण काका व्याज खात बसलेत हा माझा समज मात्र गेला.

भाडं तेरा हजार, हातात किती?

त्या रात्री मी आईकडून एकेक बिल मागवलं आणि वही घेऊन बसले. तुम्हीही जरा आकडे बघा.

फ्लॅट सगळ्या खर्चासह एकतीस लाखांना पडला. वीस लाख कर्ज, वीस वर्षांसाठी, त्या वेळी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास व्याज. हप्ता १८,६०० रुपये. भाडं आठ हजारांपासून सुरू झालं, आता तेरा हजार आहे. वर्षाचे १,५६,०००. ऐकायला बरं वाटतं.

पण वर्षाचे बारा महिने भाडं येतच नाही. आमच्या भागात मुलं मे-जूनमध्ये सोडतात, नवी मुलं ॲडमिशन झाल्यावर येतात, मध्ये महिना-दीड महिना फ्लॅट रिकामा. गेले १९,५००. एजंट अर्ध्या महिन्याचं भाडं मालकाकडूनही घेतो : ६,५००. सोसायटीचा मेंटेनन्स महिना अठराशे. उन्हाळ्यात टँकर लागतात, ते त्यातच. वर्षाचे २१,६००. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी वर बिनभोगवटा शुल्क लावते. हे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, तसा सरकारचा २००१ चा आदेश आहे. आमचे वर्षाचे दीड हजार होतात. मिळकतकर नऊ हजार. इथंही एक गंमत आहे. पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, भाड्यानं दिलं की ती मिळत नाही. (धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली. टँकर काही गेले नाहीत.) करारनाम्याचा आमचा अर्धा वाटा दीड हजार. रंग, गीझर, नळ, दार यांची सरासरी काढली तर वर्षाला पंधरा हजार.

वजा करत गेलात तर उरतात ८१,४०० रुपये. महिन्याला पावणेसात हजारांच्या आसपास. हप्ता १८,६००. म्हणजे 'भाड्यातून हप्ता जाईल' म्हणून घेतलेल्या फ्लॅटसाठी आई दर महिन्याला जवळपास बारा हजार पगारातून घालते. दहा वर्षं.

आणि कर्ज? मी बँकेचं स्टेटमेंट उघडलं तेव्हा आधी वाटलं चुकीचं उघडलं. दहा वर्षांत आईनं बावीस लाखांच्या वर भरलेत. वीस लाखांपैकी अजून साडेचौदा लाखांच्या आसपास बाकी आहेत. यात बँकेनं काही फसवलेलं नाही, हप्त्याचं गणितच असं असतं : सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजात जातो, मुद्दल शेवटी शेवटी पटापट उतरतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला तेव्हा बहुतेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. हप्ता तेवढाच म्हणून घरात कुणाला फरक कळत नाही. कळतो तो असा, दहा वर्षांनी पोरीनं स्टेटमेंट उघडलं की.

मग किंमत तर वाढली असेल ना, असं तुम्ही म्हणाल. वाढली. एजंट आज पंचेचाळीस लाख सांगतो. एकतीसचे दहा वर्षांत पंचेचाळीस म्हणजे वर्षाला चार टक्क्यांच्या जरा आतच. आणि पंचेचाळीस लाखांच्या वस्तूवर खर्च वजा जाऊन हातात वर्षाला ८१ हजार, म्हणजे दोन टक्केही नाहीत. एफडी यापेक्षा बरी, आणि एफडीचं छत गळत नाही.

आयकराचं मला आईच्या ऑफिसातल्या क्लार्क काकांनी दोनदा समजावलं तेव्हा कळलं, म्हणून थोडक्यात सांगते. भरलेला मिळकतकर भाड्यातून वजा होतो, उरलेल्या रकमेतून दुरुस्तीसाठी सरसकट ३० टक्के वजा मिळतात, तुमचा प्रत्यक्ष खर्च पाच टक्के असो की पन्नास. कर्जाचं व्याजही वजा होतं. त्यामुळं कर्ज मोठं असलं की कागदावर तोटाच दिसतो. जुन्या करपद्धतीत हा तोटा दोन लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो, नव्या पद्धतीत नाही.

आता तुमच्या रील्सकडं येऊ. 'रेंटमधून ईएमआय, पंचविशीत घरमालक' सांगणारे दादा तुमच्याही फीडवर असतीलच. त्यांना आजच्या भावानं तपासू. समजा पन्नास लाखांचा फ्लॅट. बँक चाळीस देईल, दहा तुमच्याकडं रोख हवेत. पुणे शहरात स्टॅम्प ड्युटी सगळी मिळून ७ टक्के, बाईच्या नावावर घेतला तर एक टक्का कमी. वर नोंदणीचे तीस हजार. म्हणजे दहाच्या वर आणखी पावणेचार-चार लाख, आणि या भागाला बँक सहसा कर्ज देत नाही. चाळीस लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ३४,७०० होतो. असल्या फ्लॅटला भाडं सोळा-सतरा हजार. उरलेले अठरा हजार कुठून आणायचे ते रीलमध्ये येत नाही. वीस वर्षांत नुसतं व्याज त्रेचाळीस लाखांवर जातं, हेही नाही.

अकरा महिन्यांचं कोडं

घरमालक एवढे घाबरलेले का असतात, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. आधारची झेरॉक्स, आईबाबांचा नंबर, कॉलेजचं आयडी, रात्री दहानंतर पाहुणे नकोत. आणि अकराच महिने का? बारा का नाहीत?

अकराचं उत्तर सोपं आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून देशभर अकराची सवय लागली. महाराष्ट्रात मात्र त्याचा उपयोग नाही. इथल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि खरा फटका पुढं आहे : लेखी नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. आईनं पहिली दोन वर्षं स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागवलं होतं. हे मी तिला वाचून दाखवलं तेव्हा तिनं आधी देवाचे आभार मानले आणि मग त्या वेळच्या एजंटचा उद्धार केला.

भीतीचं मूळ मात्र जुनं आहे, तुमच्या-माझ्या आईबाबांच्याही आधीचं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. हेतू चांगला होता, महायुद्ध नुकतंच संपलेलं, शहरात माणसं येत होती, जागा नव्हत्या, भाडेकरू रस्त्यावर येऊ नये. पण दशकं उलटली तरी भाडं तेच. त्या भाड्यात इमारतीची डागडुजी होईना, मालकांनी लक्ष काढून घेतलं, छपरं-जिने पडायला लागले. शेवटी १९६९ मध्ये सरकारला मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी कायदा करून मंडळ नेमावं लागलं. मग आणखी एक झालं. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लोक लायसन्सवर घरात राहत होते त्यांना कायद्यानं भाडेकरूचं संरक्षण मिळालं. त्यांच्यासाठी ती मोठीच गोष्ट होती. पण ज्यानं 'थोड्या दिवसांसाठी' म्हणून घर दिलं होतं त्याचं घर गेलं. त्यानंतर कित्येकांनी फ्लॅटला कुलूप लावणं पसंत केलं. ती गोष्ट घराघरांत सांगितली गेली आणि आजही 'बॅचलर नको, लोकल नको, वकील नको, पोलीस नको' या यादीत ती कुठंतरी असते.

प्रत्यक्षात आजचा कायदा मालकाला तितका उघडा टाकत नाही. लीव्ह अँड लायसन्स म्हणजे नुसती राहायची परवानगी. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाऊ शकतो आणि राहणाऱ्याला दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. खर्चही फार नाही. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्के दरानं धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी. आमच्या करारावर ती चारशेच्याही आत येते. शहरात नोंदणी फी एक हजार. बाकीचे एजंटचे. घरी येऊन अंगठे घेतले जातात, कुणाला ऑफिसात जावं लागत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांकडं नोंदवणं हे कामही मालकाचंच, तेही ऑनलाइन होतं.

एक मात्र स्पष्ट लिहिते. मालकाच्या अडचणी समजल्या म्हणून सगळं माफ होत नाही. फोनवर आडनाव विचारून "नंतर सांगतो" म्हणणं, ताटात काय असतं ते विचारणं, मुलींच्या फ्लॅटवर कधीही किल्ली घालून आत येणं, याला माझ्या वहीतला कुठलाच आकडा कारण देत नाही. एक घरमालक काकू मला म्हणाल्या, "आपली जागा आहे, आपण ठरवणार." त्यांच्या फ्लॅटचा मेंटेनन्स वेळेवर भरणाऱ्या मुली त्यांच्याहून जास्त दिवस त्या जागेत राहिल्या होत्या, एवढंच मी मनात म्हटलं.

कुलपामागची पुस्तकं

या सगळ्या नात्याची एकदा सरळ परीक्षा झाली होती, ती २०२० मध्ये. तेव्हा मी शाळेत होते, पण घरातली कुजबुज आठवते. मार्चमध्ये पुण्यातली मुलं दोन कपडे घेऊन गावी गेली, पुस्तकं-गाद्या खोलीत, दाराला कुलूप. सदाशिव, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहणारी स्पर्धा परीक्षेची मुलं, हिंजवडीतले नवे नोकरदार, आमच्या धायरीतली मुलंही. एप्रिलमध्ये राज्य सरकारनं घरमालकांना सांगितलं, भाडेवसुली किमान तीन महिने पुढं ढकला, कुणाला बाहेर काढू नका. बरोबरच होतं. घरात नोकरी गेलेल्या पोराकडून भाडं कुठून मागणार? बँकांनी हप्त्यांनाही सवलत दिली, आधी तीन महिने, मग ऑगस्टअखेरपर्यंत. पण त्या काळात व्याज चढतच होतं. आईनं हप्ता थांबवला नाही. कोविड वॉर्डात ड्युटी करत होती आणि पगारातून पूर्ण हप्ता भरत होती. पाच महिने भाडं आलं नाही. तिनं मागितलंही नाही. ऑक्टोबरमध्ये मुलं सामान न्यायला आली तेव्हा त्यांच्यातल्या एकाचे वडील गेल्याचं कळलं. तिनं त्याचं डिपॉझिट सगळं परत केलं. तो आकडा माझ्या वहीत कुठल्या रकान्यात घालायचा, मला समजलं नाही. मी वेगळ्या पानावर लिहून ठेवला.

तर आता त्या एकतीस तारखेकडं. गॅलरीत उभं राहून मी आणि आई फोनवर भांडलो. मी म्हटलं, रंगाचे कापायचे नाहीत. दोन-तीन वर्षं माणसं राहिली की भिंत मळणारच, ती झीज मालकाची. मोडतोड केली तर भाडेकरूची. आई म्हणाली, "आणि रंगाचे चौदा हजार कोण, तू देणार?" मी म्हटलं, छताची ओल त्यांनी केली का? दोन पावसाळे तू "बघते" म्हणालीस. ती गप्प बसली. तशी चूक एकट्या तिचीही नव्हती. ओल वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येतेय. असं आतल्या आत गळत असेल तर सोसायटी हात झटकते, दोन मालकांनी आपसांत मिटवा म्हणते, आणि वरचे मालक आखातात. त्यांना केलेल्या मेसेजवर दोन निळ्या टिका आहेत.

शेवटी फुटलेल्या काचेचे नऊशे कापले. मुलांनीच सांगितलं, क्रिकेटमध्ये फुटली. पंचवीस हजार आईनं पतसंस्थेतून उचलून संध्याकाळपर्यंत पाठवले. बाकीचे चौदा हजार शंभर तीन आठवड्यांनी गेले, नवं डिपॉझिट आल्यावर. तो मुलगा बंगळुरूला मित्राच्या खोलीवर जमिनीवर झोपला तीन आठवडे. त्यानं तक्रार केली नाही. मी असते तर केली असती.

आणि आमचे काका? मी त्यांना फोन केला. भांडायला नाही, रंगाचं बिल बघायला मागायला. त्यांनी लगेच फोटो पाठवला. बिल बावीस हजारांचं होतं, आमचे आठ. मग आम्ही आमचा करार पहिल्यांदा पूर्ण वाचला. नवव्या कलमात लिहिलं होतं : जागा सोडताना रंगकामापोटी रुपये आठ हजार वजा होतील. खाली आमच्या चौघींचे अंगठे. तिघींचं म्हणणं अजूनही तेच आहे, की अशी ओळ घालणंच चूक. मला त्यांचं पटतं. आणि बावीस हजारांचं बिलही दिसतं. ग्रुपचं नाव तेच आहे.

तुम्ही या जूनमध्ये खोली बघत असाल तर एवढं करा : अंगठा लावण्याआधी करार शेवटपर्यंत वाचा, रंगाची आणि नोटीस पिरियडची ओळ शोधा, पटली नाही तर तिथंच बोला. राहायला जायच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, मीटरच्या रीडिंगचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा. गळतीची तक्रार फोनवर नको, मेसेजवर करा. सोडायच्या महिनाभर आधी डिपॉझिटची तारीख लेखी घ्या, म्हणजे मालकालाही जुळवाजुळव करायला वेळ मिळतो. महावितरणचं बिल मालकाच्या नावावर असतं, ते थकवून पळणारे आपल्यातलेच असतात, आणि पुढच्या मुलांकडून चार हजार जास्त डिपॉझिट मागितलं जातं ते त्यांच्यामुळं.

फ्लॅट विकायचा का, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मी वही दाखवली. आईनं सगळे आकडे बघितले, चष्मा काढला आणि म्हणाली, "हे बरोबर आहे. पण बाईच्या नावावर एक घर असावं." याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिच्या आईच्या नावावर काहीच नव्हतं.

रंग दिला. छताला नाही, आधी ओल थांबायला हवी. गेल्या रविवारी नव्या कराराचे अंगठे झाले. दोन मुली आल्यात, नर्सिंगच्या, हे ऐकूनच आईनं भाडं पाचशेनं कमी केलं आणि माझा सगळा हिशेब बिघडवला. एजंटनं मशीन काढलं. आईचा अंगठा काही लागेना. तीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा हात धुऊन रेषाच पुसट झाल्यात. एजंट म्हणाला, काकू, केसांवरून फिरवा जरा. चौथ्या वेळी हिरवा दिवा लागला.

तोवर त्या दोघींतली एक मोबाइल घेऊन भिंतीभिंतीनं फिरत होती. बेडरूमच्या छतापाशी ती जरा जास्तच वेळ थांबली.

"हे कशाला गं?" आईनं विचारलं.

"डिपॉझिटसाठी, काकू. नंतर वाद नको."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतून खाली टँकर आला होता तो बघत होते.